लिनक्सवर गेम चालतात का? डेस्कटॉप आणि गेमिंग समजून घेऊया



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. तेव्हापासून शाळेच्या संगणक कक्षात आणि अनेक घरांत एकच प्रश्न उभा आहे : जुन्या संगणकाचं करायचं काय? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले, आजही व्यवस्थित चालणारे संगणक या अटीत बसत नाहीत. मग कुणीतरी सुचवतं, "लिनक्स टाका, मोफत आहे." मोठ्यांना ते पटतं. पण घरातलं मूल लगेच विचारतं, "त्यात माझे गेम चालतील का?"

हा प्रश्न झटकून टाकू नका. "हो, सगळं चालतं" असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आवडता गेम उघडलाच नाही, तर मुलाचा लिनक्सवरचा आणि आपल्या शब्दावरचाही विश्वास जातो. "नाही चालत" असं सांगितलं, तर चांगला संगणक भंगारात जातो. खरं उत्तर या दोन्हींच्या मधलं आहे. ते समजण्यासाठी आधी डेस्कटॉप म्हणजे काय ते पाहू आणि मग गेमकडे वळू.

१. डेस्कटॉप म्हणजे नेमकं काय?

लिनक्स हे खरं तर संगणकाच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं नाव. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहायला सुरुवात केली. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांच्याशी थेट व्यवहार हा गाभा करतो. तो आपल्याला डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतो तो खालचा पट्टा, मेनू, फोल्डर, खिडक्या आणि त्या उघडण्या-मिटण्याची पद्धत. या सगळ्या दर्शनी भागाला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. आपण सोयीसाठी नुसतं 'डेस्कटॉप' म्हणू.

विंडोजमध्ये गाभा आणि दर्शनी भाग एकत्रच येतात. लिनक्समध्ये ते वेगळे आहेत. घर तेच, पण ओसरी आपल्या पसंतीची, असं समजा. एकाच संगणकावर दोन डेस्कटॉप टाकता येतात आणि लॉगिन करताना हवा तो निवडता येतो.

इतके डेस्कटॉप आले कुठून? १९९६ मध्ये जर्मनीत मॅथियास एट्रिच यांनी केडीई सुरू केला. त्यासाठी वापरलेल्या क्यूट या साधनाचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोम हा दुसरा प्रकल्प हाती घेतला. पुढे २०११ मध्ये ग्नोमने आपलं रूप पार बदललं. ज्यांना ते रुचलं नाही त्यांनी जुनं रूप 'मेट' या नावाने चालू ठेवलं, तर लिनक्स मिंटच्या मंडळींनी 'सिनॅमन' तयार केला. मतभेद झाला की रुसून बसायचं नाही. मूळ काम सगळ्यांसाठी खुलं असतं, ते घेऊन आपल्या वाटेने पुढे जायचं. मुक्त सॉफ्टवेअरची ही रीत नागरिकशास्त्राच्या तासालाही सांगण्यासारखी आहे.

२. कोणत्या संगणकाला कोणता डेस्कटॉप?

- रॅम २ ते ४ जीबी, जुना संगणक : एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी. दोन्ही साधे आणि हलके.
- रॅम ४ ते ८ जीबी, विंडोजची सवय असलेलं घर : सिनॅमन किंवा मेट. खाली पट्टा, डाव्या कोपऱ्यात मेनू. आजी-आजोबाही गोंधळत नाहीत.
- रॅम ८ जीबी किंवा जास्त, गेम खेळणारं मूल : केडीई प्लाझ्मा. सेटिंग भरपूर आणि नव्या स्क्रीनच्या सोयी चांगल्या.
- ग्नोम : नीटनेटका, पण त्याची पद्धत वेगळी आहे आणि मेमरीही जास्त लागते.

इथे एक गैरसमज दूर करूया. "हलका डेस्कटॉप टाकला की गेम पळतो" असं सर्रास सांगितलं जातं. ४ जीबी रॅमच्या संगणकावर यात तथ्य आहे, कारण डेस्कटॉपने वाचवलेली मेमरी गेमच्या वाट्याला येते. १६ जीबीच्या संगणकावर मात्र हा फरक फारसा जाणवत नाही. तिथे महत्त्वाचं असतं ते ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतात. एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर मिंटमधल्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून कंपनीचा ड्रायव्हर टाकून घ्यावा. आणि हो, मागे उघडा राहिलेला ब्राउझर अनेकदा डेस्कटॉपपेक्षा जास्त मेमरी खातो. गेम सुरू करण्याआधी तो बंद करायची सवय मुलांना लावा.

३. विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो कसा?

विंडोजसाठी लिहिलेला गेम विंडोजच्या भाषेत बोलतो. "ही फाइल उघड", "इथे त्रिकोण काढ", "हा आवाज वाजव" अशा सूचना तो सतत देत असतो. लिनक्सला ही भाषा कळत नाही. मग मध्ये एक दुभाषी बसवावा लागतो. वाइन हा असाच दुभाषी आहे. त्याचं काम १९९३ पासून सुरू आहे. विंडोजच्या सूचना ऐकायच्या आणि लिनक्सला कळतील अशा शब्दांत लगेच सांगायच्या, एवढंच तो करतो. तो संगणकात दुसरा खोटा संगणक उभा करत नाही, म्हणून वेगही फारसा कमी होत नाही.

चित्रांची भाषा आणखी वेगळी. विंडोजचे बहुतेक गेम डायरेक्ट थ्रीडी या भाषेत चित्र काढायला सांगतात. डीएक्सव्हीके हे साधन त्या सूचना वल्कन या भाषेत बदलतं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर काही साधनं एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' आणला. तेव्हापासून चित्र खूपच पालटलं. स्टीममध्ये गेम निवडायचा, इन्स्टॉल करायचा, खेळायचा. दुभाषी मागे गुपचूप काम करतो. सेटिंगमधल्या 'कम्पॅटिबिलिटी' या भागात त्याचे पर्याय दिसतात.

२०२२ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र विक्रीला आणलं. त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. आणि त्याचा डेस्कटॉप उघडला की समोर येतो तो केडीई प्लाझ्माच. हे यंत्र लोकप्रिय झाल्यावर गेम कंपन्याही आपला गेम प्रोटॉनवर नीट चालतो का हे पाहू लागल्या.

पण एक अट लक्षात ठेवा. डीएक्सव्हीकेला वल्कन समजणारं ग्राफिक्स लागतं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अनेक संगणकांतल्या इंटेल ग्राफिक्सला ते नीट पेलत नाही. अशा संगणकावर मोठे, नवे गेम चालतील अशी आशा मुलाला लावू नका. तसे ते विंडोजवरही चालत नव्हतेच!

४. काय चालत नाही, आणि का?

अनेकांनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन गेममध्ये फसवणूक पकडणारा पहारेकरी असतो. त्याला अँटी-चीट म्हणतात. काही पहारेकरी विंडोजच्या थेट गाभ्यात शिरून बसतात. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड तर संगणक सुरू होतानाच जागा होतो. लिनक्सचा गाभा वेगळा, त्यामुळे तो इथे बसूच शकत नाही. म्हणून व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइटही नाही.

काही पहारेकऱ्यांना प्रोटॉनसोबत काम करता येतं, पण ती परवानगी गेम कंपनीने द्यावी लागते. आणि दिलेली परवानगी ती काढूनही घेऊ शकते. एपेक्स लीजेंड्स लिनक्सवर चालत होता. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस कंपनीने फसवणुकीचं कारण देऊन लिनक्सवरून प्रवेश बंद केला. जीटीए ५ चा एकट्याने खेळायचा भाग चालतो, पण सप्टेंबर २०२४ मध्ये नवा पहारेकरी आल्यापासून ऑनलाइन भाग लिनक्सवर बंद आहे. (पालकहो, हा गेम मुळात प्रौढांसाठी आहे, तेही विसरू नका.)

याउलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या खास लिनक्ससाठीच्या आवृत्त्या आहेत. माइनक्राफ्टची जावा आवृत्तीही लिनक्सवर थेट चालते. मात्र मित्र बेडरॉक आवृत्ती खेळत असतील, तर अडचण येईल, कारण ती लिनक्ससाठी अधिकृतपणे मिळत नाही. म्हणून मुलाला नुसतं "कोणता गेम?" एवढंच विचारू नका, "कोणती आवृत्ती, आणि कोणासोबत खेळतोस?" हेही विचारा.

५. लिनक्सचे स्वतःचे गेम

शाळेच्या संगणक कक्षासाठी हे सर्वांत कामाचे. सगळे मोफत, सगळे मुक्त.

- जीकॉम्प्री : साधारण दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून अधिक खेळ. माउस धरण्यापासून बेरीज, घड्याळ, बुद्धिबळापर्यंत.
- टक्स पेंट : लहान मुलांसाठी चित्रकला. जुन्या संगणकावरही चालतो.
- सुपरटक्स आणि सुपरटक्सकार्ट : पहिला उड्या मारत पुढे जाण्याचा, दुसरा गाड्यांच्या शर्यतीचा. कार्टला ग्राफिक्स थोडं बरं लागतं. सेटिंग कमी ठेवावी.
- झिरो एडी : प्राचीन संस्कृतींचा डावपेचाचा खेळ. यात मौर्यही आहेत. इतिहासात मौर्य साम्राज्य शिकवताना मोठ्या मुलांना जरूर दाखवा आणि खेळातलं व पाठ्यपुस्तकातलं काय जुळतं, काय नाही, ते शोधायला सांगा.

शाळेत लिनक्स हा काही नवा प्रयोग नाही. केरळच्या सरकारी शाळांत मुलं अनेक वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकतात. आपल्याकडे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांचा विचार करून 'बॉस' हे लिनक्स तयार केलं आहे. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलकही लिनक्समध्ये मिळतो.

६. बदल करण्यापूर्वी एवढं करा

१. मुलाकडून तो खरोखर खेळतो त्या गेमची यादी लिहून घ्या.

२. प्रत्येक गेमचं नाव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर शोधा. तिथे खेळणाऱ्यांच्या अनुभवावरून प्लॅटिनम, गोल्ड अशा श्रेणी दिलेल्या असतात. ऑनलाइन गेम असेल तर अँटी-चीटची ताजी स्थिती वेगळी तपासा.

३. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरूनच संगणक सुरू करून पाहा. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते बघा.

४. फोटो, कागदपत्रं, मुलांचे प्रकल्प यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. हे झाल्याशिवाय 'इन्स्टॉल'वर बोट ठेवू नका.

५. महत्त्वाचा गेम चालत नसेल आणि डिस्कवर जागा असेल, तर लिनक्स आणि विंडोज शेजारी-शेजारी ठेवता येतात. पण आधार संपलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नका.

७. वर्गात करून पाहा

- इयत्ता ५ वी ते ७ वी : एकाच संगणकावर दोन डेस्कटॉप टाका. दोन्हींमध्ये 'सिस्टीम मॉनिटर' उघडून वापरलेली मेमरी नोंदवा आणि स्तंभालेख काढा.
- इयत्ता ८ वी ते १० वी : गेमच्या यादीचे तीन गट करा : थेट चालणारे, दुभाष्यामार्फत चालणारे, न चालणारे. प्रत्येकाचं कारण एका वाक्यात लिहा.
- चर्चेचा विषय : फसवणूक रोखण्यासाठी गेमला आपल्या संगणकाच्या गाभ्यापर्यंत प्रवेश द्यावा का? दोन्ही बाजूंनी बोलू द्या. घाईने निकाल देऊ नका.

या चर्चेत मुलं आपल्यापेक्षा जास्त बोलतील, कारण हे गेम ती रोज खेळतात. त्यांचं ऐकून घ्या. गेमची यादी पाहून घरचा संगणक बदलायचा की ठेवायचा, हे मग त्यांच्यासोबत बसूनच ठरवा.