औषध आणि त्याचें पात्र



आंबिवलीनजीक मोहने येथें नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा मोठा कारखाना होता. तो २००९ सालीं बंद पडला; परंतु लांकडाच्या लगद्यांतील सेल्युलोज रसायनांनीं विरघळवून तेथें रेशमासारखा धागा काढीत असत, हें तुम्हीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलें असेल. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य घटकांची सांखळी. अशा लांब सांखळीच्या पदार्थांस बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात. ह्याच सेल्युलोजचें एक निराळें रूप आज पुष्कळ घरांतील औषधांच्या डब्यांत आहे. तें तेथें काय काम करितें, हें आपण पाहूं.

साधी गोळी पोटांत गेली कीं लवकर विरघळते. रक्तांतील औषधाचें प्रमाण एकदम चढतें व कांहीं तासांनीं उतरतें. प्रमाण फार वाढलें तर अपाय होतो, फार घटलें तर औषध व्यर्थ जातें. म्हणून कित्येक गोळ्या दिवसांतून दोनतीनदां घ्याव्या लागतात. औषध हळूहळू सुटावें, अशी इच्छा असेल तर त्याचें पात्रच विचारपूर्वक घडविलें पाहिजे.

सब्जाचें बीं पाण्यांत टाकिलें असतां त्याभोंवतीं बुळबुळीत आवरण फुगतें, हें तुम्हीं पाहिलें आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या दीर्घकाळ चालणाऱ्या गोळींत सेल्युलोजपासून केलेलें असेंच एक बहुवारिक पुष्कळदां असतें. पाणी लागतांच तें फुगतें, आणि औषधास त्या दाट थरांतून वाट काढीत बाहेर यावें लागतें. पाण्यानें फुगणाऱ्या बहुवारिकांचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. रघुनाथ माशेलकर व त्यांचे सहकारी यांनीं केला. दुसरीं कांहीं बहुवारिकें, उदाहरणार्थ लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांपासून केलेलीं, शरीरांत सावकाश झिजून नाहींशीं होतात. त्यांत भरलेलीं कांहीं औषधें एकदां टोंचलीं कीं महिनाभर पुरतात.

हाडाची गोष्ट वेगळी. हाडांत पू झाला म्हणजे तेथील रक्तपुरवठा खुंटतो व पोटांत घेतलेलें औषध तेथवर नीट पोंचत नाहीं. १८९२ सालीं जर्मनींतील ड्रेझमन ह्या शस्त्रवैद्यानें कार्बोलिक आम्ल मिसळलेलें प्लास्टर ऑफ पॅरिस हाडांतील पोकळींत भरलें. आज कॅल्शियम सल्फेटच्या मण्यांत जंतुनाशक औषध मिसळून ते तेथें ठेवितात. ते मणी कांहीं आठवड्यांत विरघळून जातात. हाडाच्या खनिजाशीं मिळतें असें हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट हें सिरॅमिक मात्र पुष्कळ काळ टिकतें. कुंभाराच्या माठांतून पाणी पाझरतें, तसें त्याच्या छिद्रांतून औषध पाझरतें. आणि त्याच छिद्रांत नवें हाडही वाढूं शकतें.

आतां पालकांस एक विनंती. गोळीच्या पाकिटावर एस. आर., ई. आर. किंवा एक्स. आर. अशीं अक्षरें असल्यास ती गोळी सावकाश सुटणारी समजावी. ती कुटून, चावून किंवा पाण्यांत विरघळवून देऊं नये. म्हाताऱ्या माणसास गिळणें कठीण जातें, म्हणून मायेनें गोळी कुटून देण्याची चाल घरोघरीं आहे. परंतु पात्र फुटलें कीं दिवसभराचें औषध एकदम रक्तांत उतरतें, आणि उपकारासाठीं दिलेली वस्तु अपकार करिते. कांहीं गोळ्या मधोमध तोडण्याजोग्या असतात, म्हणून तोडण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. कधीं मलाबरोबर गोळीचें रिकामें कवच दिसल्यास भिऊं नये; आंतील औषध बहुधा शरीरास पोंचलेलें असतें.

मुलांनो, आजीआजोबांच्या पाकिटावरील तीं बारीक अक्षरें त्यांना दिसत नाहींत. तीं तुम्हीं वाचून दाखवा. शिकलेल्या विद्येचा पहिला उपयोग आपल्या घरींच व्हावा.