शालेय प्रवाहविभाजन आणि संधीची समानता

विद्यार्थ्यांची संपादणुकीनुसार निरनिराळ्या वर्गांत, अभ्यासक्रमांत किंवा शाळांत वाटणी करणे म्हणजे शैक्षणिक प्रवाहविभाजन होय. समान तयारीचे विद्यार्थी एकत्र असल्यास अध्यापन सुकर होते, असे समर्थक म्हणतात. खालच्या प्रवाहातील विद्यार्थी हुशार सहाध्यायांना व उच्च शिक्षणाच्या वाटेला मुकतात, असे विरोधक म्हणतात. मानवी भांडवलाच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न दोन : ही वाटणी कोणत्या वयात होते आणि ती पुढे बदलता येते काय?

फिनलंडमध्ये पूर्वी ११व्या वर्षीच मुलांची वाटणी होई. १९७२ ते १९७७ या काळात उत्तरेकडून दक्षिणेकडे टप्प्याटप्प्याने समान शाळा सुरू झाल्या व वाटणी १६व्या वर्षापर्यंत लांबली. सुधारणा सर्वत्र एकाच वेळी न झाल्याने तिच्या परिणामांची तुलना शक्य झाली. पेक्कारिनेन, उसितालो व केर यांच्या २००९ मधील अभ्यासानुसार, वडील व मुलगा यांच्या उत्पन्नांतील संबंध सुमारे २३ टक्क्यांनी सैल झाला. लहान वयातील निवडीत मुलाच्या कुवतीबरोबर घरची परिस्थितीही मोजली जाते, हे त्याचे कारण.

याउलट, केनियातील १२१ प्राथमिक शाळांवर आधारित ड्युफ्लो, दुपास व क्रेमर यांच्या संशोधनात (२०११) तयारीनुसार तुकड्या केल्याने पुढच्या व मागच्या, दोन्ही गटांना लाभ झाला. शिक्षकांना गटाच्या पातळीनुसार शिकवता आले. मात्र तेथे पहिलीच्या मुलांची शाळा एकच होती. पुढची वाट कोणालाही बंद झाली नव्हती.

भारतात मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक स्तरावर विविध अभ्यासक्रमांची व बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मात्र पहिल्या दहा वर्षांत समान सामान्य शिक्षणाचा पुरस्कार केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार कला व विज्ञान, तसेच शैक्षणिक व व्यावसायिक प्रवाहांत कठोर भिंती नसाव्यात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या २०२० च्या परीक्षेपासून गणिताच्या ‘स्टँडर्ड’ व ‘बेसिक’ अशा दोन पातळ्या ठेवल्या. अभ्यासक्रम एकच, प्रश्नपत्रिका दोन. यात परीक्षेचा ताण हलका होतो. परंतु ज्याच्या घरी या निवडीचा पुढील अर्थ सांगणारे कोणी नाही, तो विद्यार्थी भीतीपोटी सोपी पातळी निवडून विज्ञान-अभियांत्रिकीची वाट नकळत अरुंद करून घेऊ शकतो. म्हणून शाळेतील मार्गदर्शन हा अशा धोरणाचा अविभाज्य भाग ठरतो.

सारांश, विभाजन स्वतः हितकारक वा अहितकारक नसते. ते उशिरा, लवचिक व परतीची वाट ठेवून केले, तर अध्यापनास साह्य होते. लवकर व कायमचे केले, तर जन्माची विषमता गुणपत्रिकेवर उतरते.