चैत्रात कुत्र्याला घेऊन त्र्यंबकला

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. मार्चअखेर नाशिकहून त्र्यंबकेश्वरला एक दिवस त्याला नेऊ का? ब्रह्मगिरी चढेल का तो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : न्या, पण पहाटे निघा. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. देवळात त्याला नेता येणार नाही. दर्शन आळीपाळीने घ्या. बंद गाडीत मात्र त्याला पाच मिनिटंही ठेवू नका. कुशावर्तावर गर्दी असते, तिकडे नकोच.

ब्रह्मगिरीचा बेत मी रद्दच करीन. त्याला चढ जमेल हो, पण वाटेवरची माकडं पाहून तो साखळी ओढेल आणि पायऱ्यांवर तुम्ही दोघंही घसराल. शिवाय काळा दगड दहानंतर चटके देतो. हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद दगडावर टेकवून पाहा; तुम्हाला सोसवलं नाही, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. त्यापेक्षा गावाबाहेर सावलीत तासभर फिरवा.

खरी धास्ती मला द्राक्षांची वाटते. हंगाम असतो, रस्त्याकडेला पेट्या मांडलेल्या असतात आणि मुलं लाडानं एखादा मणी टाकतात. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ले तर बाधेल, याचा नेम नाही. खाल्लीच, तर उलटीची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

उन्हानं धाप थांबेना, लाळ गळू लागली, झोकांड्या जाऊ लागल्या, तर सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना. घरी आल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासा. रेबीजची लस झाली आहे ना?