१९३२च्या मुंबईत एअर इंडियाची इमारत

१५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोडहून पुस मॉथ विमान घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतले पेट्रोल भरून घेतले आणि दुपारी जुहूला टपाल उतरवले. विमानात रेडिओ नव्हता. खालचा किनारा, नद्यांची मुखे आणि रेल्वेचे रूळ ओळखत वाट काढायची. सिम्युलेटरमध्ये हेच उड्डाण करायचे, तर खालची जमीनही त्याच दिवसाची हवी.

प्रस्तुत लेखकाने एक्स-प्लेन या सिम्युलेटरसाठी वसईपासून कुलाब्यापर्यंत आणि पूर्वेला तानसा तलावाच्या पलीकडपर्यंतचा मुलूख त्या तारखेचा करायला घेतला. इमारती बसवायची जबाबदारी दुसऱ्या एका हौशी गृहस्थांनी आपणहून उचलली. कामाची वाटणी मात्र तोंडीच ठरली.

अशा नकाशात आजची मुंबई दोन दारांनी आत येते. उंचीची आयती माहिती फेब्रुवारी २०००मध्ये एन्डेव्हर यानाने रडारने मोजलेली आहे; त्यात नंतरचे भराव आहेत आणि दाट वस्तीतली छपरेही जमिनीच्या उंचीत मिसळली आहेत. किनारा आणि तलाव ओपनस्ट्रीटमॅपवरून येतात, म्हणजे तेही आजचेच. उपाय एकच: एक इंच म्हणजे एक मैल या मापाच्या जुन्या सर्वेक्षण-पत्रकांवरून किनारा हाताने काढायचा, त्याबाहेरची उंची शून्य करायची आणि मग मेश, म्हणजे जमिनीच्या आकाराची जाळी, नव्याने बांधायची.

पत्रक क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रणालीत बसवताना किनाऱ्याचे कोपरे कधीही खुणेचे बिंदू म्हणून धरू नका. जे हलले, तेच तर आपण शोधत असतो. प्रॉन्ग्ज दीपगृह (१८७५), राजाबाई टॉवर (१८७८), वसई किल्ल्याचे बुरूज ही जागची न हललेली ठिकाणे घ्या. जुनी पत्रके एव्हरेस्टच्या गोलाभावर बेतलेली आहेत. ती सरळ आजच्या डब्ल्यूजीएस ८४ पद्धतीतली म्हणून उघडली, तर सगळा मुलूख सरकतो.

भरती-ओहोटीचे तर कुणी सांगतच नाही. जमिनीच्या नकाशावर किनारा भरतीच्या रेषेवर असतो, तर सागरी नकाशातली खोली ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी सुमारे पाच मीटर चढते-उतरते. माहीमच्या उपसागरात आणि ठाण्याच्या खाडीत हे दोन्ही एकत्र केले, की चिखल समुद्र होतो किंवा समुद्र चिखल. तलावांपैकी विहार, तुळशी, पवई, तानसा ठेवायचे. मोडकसागर १९५७चा, तो काढायचा. भातसाही काढायचा. आणि जुहूला डांबरी धावपट्टी अजिबात नको. पावसाळ्यात उधाणाचे पाणी त्या मैदानावर येई, म्हणूनच टाटांची टपालसेवा तेवढे महिने पुण्याला हलवावी लागे.

हे सगळे त्या गृहस्थांना लिहून, खुणा करून दिले होते.

एके दिवशी नकाशा जाहीर झाल्याचे कळले, तेही तिसऱ्याच माणसाकडून. उतरवून घेतला, जुहूहून पुस मॉथ वर काढले. मागे वळून पाहिले, तर धावपट्टीवर ठळक आकडे रंगवलेले. माहीम, वरळी ओलांडून मलबार हिलला वळसा घातला आणि समोर नरिमन पॉइंट उभा राहिला. ज्या खुर्शेद नरिमन यांनी १९२०च्या दशकात बॅकबे भरावातला गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला, त्यांचे नाव पुढे या जागेला मिळाले. १९३२ला तिथे पाणी होते. त्या पाण्याच्या जागी एअर इंडियाची इमारत होती. ती १९७४ची! टाटांच्या पहिल्या टपालफेरीच्या नकाशात बेचाळीस वर्षांनंतरची इमारत पाहून हात कंट्रोलवरून सुटले. पूर्वेला वळावे, तर खाडीवर वाशीचा पूल.

कारण शोधायला वेळ लागला नाही. तयार इमारतींचा संच त्या गृहस्थांनी जसाच्या तसा ओतला होता. जुना किनारा त्या इमारतींच्या पायाखालून जाऊ लागला, तेव्हा इमारती काढण्याऐवजी त्यांनी किनाराच फेकून दिला आणि मेश आजच्या माहितीवर पुन्हा बांधली. विचारल्यावर उत्तर आले, “तीन हजार फुटांवरून कोण बघतंय? लोकांना ओळखीची मुंबई हवी असते.” श्रेयनामावलीत प्रस्तुत लेखकापुढे ‘माहिती गोळा करण्यास मदत’ एवढेच लिहिले होते. त्यानंतर फोन उचलणेही बंद झाले. ज्याला टाटा वाट कशी शोधत होते हेच जाणून घ्यायचे नव्हते, त्याने या नकाशाला हात तरी का लावावा?

असे काम काढणाऱ्यांनी आधी एक तारीख ठरवावी. ‘तिशीचे दशक’ चालणार नाही, कारण बॅकबेचा किनारा त्या दशकातच बदलत होता. प्रत्येक वस्तूपुढे ती कधी बांधली आणि हे कशावरून कळले, असे दोन रकाने असावेत. ते भरल्याशिवाय वस्तू नकाशात जाऊ नये. कामाची प्रत नेहमी जवळ ठेवावी. घाई करू नये. जोडीदार पारखून घ्यावा. मेश बांधायच्या मूळ फाइली कुणालाही देऊ नयेत, फक्त तयार मेश द्यावी. जाहीर कोण करणार, कुणाच्या नावाने आणि कुणाच्या संमतीने, हे पहिल्याच दिवशी लेखी घ्यावे. मैत्री असली तरी घ्यावे.

तो नकाशा अजून त्याच नावाने फिरतो आहे. कुणाकडे असेल, तर तानसाच्या उत्तरेला उडून पाहावे. मोडकसागर दिसला, तर ती बिघडवलेली प्रत आहे. हाताने काढलेल्या किनाऱ्याच्या प्रतीत तिथे वैतरणेचे खोरे दिसते.