जुन्या धन्यास पत्र : मुक्तीनंतरचा हिशेब

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तेराव्या घटनादुरुस्तीने देशभरातील गुलामगिरी रद्द झाली. कायद्याने मालकी संपली, तरी कालचा गोरा मालक आणि कालचा काळा गुलाम यांनी आता कोणत्या नात्याने बोलावे, हा प्रश्न उरलाच. जॉर्डन अँडरसन यांचे पत्र या प्रश्नाला थेट भिडते. म्हणून ते वाङ्मयाच्या अभ्यासकाने वाचावे.

टेनेसीतील कर्नल अँडरसन यांनी आपल्या या पूर्वीच्या गुलामाला परत कामावर बोलावले होते. जॉर्डन यांनी ७ ऑगस्ट १८६५ रोजी ओहायोतील डेटन येथून उत्तर लिहवून घेतले. त्याच महिन्यात ते वृत्तपत्रांत छापून आले. मायना अदबीचा आहे, घरच्यांची विचारपूस आहे. मग हिशेब येतो : स्वतःची ३२ वर्षांची चाकरी, दरमहा २५ डॉलर, पत्नी मँडी यांची २० वर्षांची, दर आठवड्याला २ डॉलर, एकूण ११,६८० डॉलर. त्यात व्याज मिळवावे, कपड्यांचा आणि डॉक्टरांचा खर्च वजा करावा, असेही ते सुचवतात. मागील वेतन चुकते झाले तरच पुढील आश्वासनावर भरवसा ठेवता येईल, हा त्यांचा युक्तिवाद.

पत्रात कोठेही आवाज चढत नाही. धन्याने आपल्यावर गोळी झाडल्याचा उल्लेखही सहज बोलण्याच्या ओघात येतो. मुली तेथे सुरक्षित राहतील का, काळ्या मुलांसाठी शाळा निघाली आहे का, असे प्रश्न साध्या चौकशीसारखे विचारले आहेत. नोकराने धन्याशी बोलण्याची जुनी रीत कायम ठेवून तिच्यातूनच धन्याला ऋणको ठरवणे, हे या उपरोधाचे सामर्थ्य आहे.

दक्षिणेत मात्र बहुतेकांना असा हिशेब मांडता आला नाही. वर्षाचा करार मोडून निघून जाणाऱ्या काळ्या मजुराला पकडून परत आणण्याची तरतूद मिसिसिपी राज्याने १८६५ मध्येच केली. पुढे बटाईच्या शेतीत उधारीची वही जमीनमालकाच्या किंवा दुकानदाराच्या हाती राहिली आणि असंख्य कुटुंबे कर्जात अडकली.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ दास्यविमोचनासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. ती अर्पणपत्रिका शिकवताना हे पत्रही सोबत वाचावे. एकीत मुक्त करणाऱ्यांचा गौरव आहे, तर दुसऱ्यात मुक्त झालेल्याची थकबाकी आहे.