शत्रूचे गाढव



संक्रांतीच्या दिवसांत आपल्या नाशकात झाडांवर, विजेच्या तारांवर मांजात अडकलेले पक्षी दिसतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातोच. खाली माणसे थांबतात, वर पाहतात आणि ‘कोणीतरी फोन केला असेल’ म्हणत पुढे निघतात. ही माणसे निर्दयी नसतात. वाईट त्यांनाही वाटते. तरी पाऊल अडखळते.

पवित्र शास्त्राला हे अडखळणे ठाऊक आहे. आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले, तर त्याला सोडून जाऊ नये, अशी आज्ञा निर्गमच्या पुस्तकात आहे (२३:५). जे माणूस आपणहून करत नाही, त्याचीच आज्ञा द्यावी लागते! गाढवाशी कोणाचे वैर नसते, वैर असते मालकाशी. बांधावरून दोन घरांचे बोलणे बंद झाले, की शेजाऱ्याचा बैल गाळात रुतला तरी आपण दुसऱ्या वाटेने जातो. आज्ञेतला बारकावा असा, की मदत मालकाबरोबर करायची आहे. लादलेले गाढव एकट्याला उठवता येत नाही. एकाने एका बाजूची गोणी धरावी, दुसऱ्याने दुसरी. अबोला असला तरी ‘उचल’ एवढे म्हणावेच लागते.

लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १४) प्रभू येशू शब्बाथ दिवशी जलोदर झालेल्या माणसाला बरे करतो. मग तो परूश्यांना विचारतो, की तुमचा मुलगा किंवा बैल विहिरीत पडला, तर शब्बाथ म्हणून थांबाल का? कोणालाच उत्तर देता आले नाही. स्वतःच्या बैलासाठी नियम आठवत नव्हता. परक्या रोग्यासाठी तो लगेच आठवला. आपण कोणाला आपले मानतो, हे आपल्या थांबण्यावरून कळते. ज्याला जनावराची कणव येते त्याला माणसाचीही लवकर येते, असे संत थॉमस अक्वायनस यांनी याच जुन्या नियमांविषयी लिहिले आहे.

आपल्याच गोदावरीच्या काठी, खाली पैठणला, संत एकनाथ होऊन गेले. रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा आपण शाळेत ऐकली आहे. गाढव कोणाचे, असे त्यांनी विचारल्याचे कथेत नाही.

काही वेळा मात्र थांबणेच योग्य. सिन्नर-निफाडकडे विहिरीत बिबट्या पडतो, तेव्हा काठावर गर्दी करू नये. वनविभागाला १९२६ वर कळवावे. पक्ष्यासाठी विजेच्या खांबावर चढू नये, अग्निशमन दलाला १०१ वर बोलवावे. पक्षी हाती लागला तर मांजा ओढू नका, कात्रीने कापा. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून त्यात ठेवा, वरून फडके टाका, चोचीत पाणी ओतू नका. आणि फोन आधीच कोणी केला असला, तर तो दोनदा जाईल. त्याने काही बिघडत नाही.