हवेचा आकडा कानालाही कळावा

आमच्या वस्तीत एक तरुण आहे. जन्मापासून दिसत नाही आणि लहानपणापासून दमा आहे. वडील भोसरीच्या एमआयडीसीत, आई चार घरची कामं करते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं दाटलं की तो शेजारच्या पोराला विचारतो, "आज हवा कशी आहे रे? बघ जरा मोबाइलवर." पोरगं बघतं आणि सांगतं, "दादा, नारिंगी."

ज्याने रंगच कधी पाहिला नाही, त्याने नारिंगीचं काय करायचं? गेल्या हिवाळ्यात अशाच एका नारिंगी सकाळी तो बसथांब्यापर्यंत चालत गेला आणि रात्री त्याला दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागली. हवेमुळेच झालं असं आम्ही ठामपणे म्हणत नाही, दम्याला निमित्तं पुष्कळ असतात. पण त्या दिवशीचा आकडा साऱ्या शहरासाठी खुला होता आणि ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज होती त्याच्या हाती नुसता एक रंग आला, हे आमच्या मनातून जात नाही. म्हणून या वेळचं आरोग्य पान त्यावर.

आधी आकडा काय असतो ते पाहू. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'सफर' नावाची व्यवस्था उभी केली. ती २०१० मध्ये दिल्लीत आणि २०१३ मध्ये पुण्यात सुरू झाली. आपल्या भागात भोसरी, निगडी, आळंदी, भूमकर चौक इथे तिची यंत्रं बसली. २०१५ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा देशभरासाठी एकच 'हवा गुणवत्ता निर्देशांक' आहे आणि 'समीर' नावाच्या ॲपवर तो कुणालाही पाहता येतो. ५० पर्यंत चांगली हवा, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट, त्यापुढे गंभीर. रंग अनुक्रमे हिरवा, फिकट हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, गडद लाल.

यातली एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. 'मध्यम' हा शब्द ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण मंडळाच्याच सांगण्यानुसार १०१ ते २०० या टप्प्यातच दमा, फुप्फुसाचे आणि हृदयाचे विकार असलेल्यांना त्रास होऊ शकतो. म्हणजे दमेकऱ्याने नारिंगीची वाट बघायची नाही, पिवळ्यालाच सावध व्हायचं. दुसरं, बारीक धूलिकणांचा हिशेब मागच्या २४ तासांच्या सरासरीवर धरतात, त्यामुळे आत्ता गल्लीत कुणी कचरा पेटवला तर तो आकड्यात लगेच दिसणार नाही. आणि यंत्र जिथे आहे तिथली हवा ते मोजतं. भोसरीचा आकडा तुमच्या चुलीजवळचा नसतो.

मागे एका रविवारी वंदना झाल्यावर आम्ही पाच-सहा जण विहारातच बसलो आणि हवेची माहिती देणारी दोन-तीन संकेतस्थळं फोनवर उघडून पाहिली. कोणती ते लिहीत नाही, कारण असे दोष सगळीकडेच सापडतात.

त्या तरुणाच्या फोनमध्ये 'टॉकबॅक' चालू असतं. पडद्यावर जे असेल ते फोन बोलून दाखवतो. पान उघडलं, नकाशा आला, त्यावर रंगीत ठिपके. फोन म्हणाला, "बटण, बटण, बटण." कोणतं बटण, कुठलं गाव, आकडा किती, काही नाही. पान बनवणाऱ्याने ठिपक्याच्या पोटात नावच लिहिलं नव्हतं. डोळ्याला ते दिसत नसलं तरी कानाला लागतं. पुढे आलेख होता, तिथे तर फोन गप्पच. एका पानावर माहिती दर काही सेकंदांनी आपोआप बदलत होती आणि प्रत्येक वेळी तो बिचारा परत पानाच्या माथ्यावर फेकला जात होता. अर्ध्या तासात त्याला एक आकडा मिळाला. तोही पुणे स्टेशनकडचा कुठला तरी.

दुसरे आमचे एक काका. प्रेसवर काम करताना उजव्या हाताची तीन बोटं गेली. चाकण-भोसरी पट्ट्यात अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. नकाशा मोठा करायला दोन बोटांची चिमूट लागते. डाव्या हातात फोन, उजव्या हाताला चिमूट नाही. ठिपका मोहरीएवढा, दाबायला जावं तर शेजारचाच उघडतो. काका हसून म्हणाले, "हवा बघायला पण बोटं लागतात होय!" डोळे असून त्यांना ते पान बंदच होतं.

आणि तिसरा निघाला आमच्याच मंडळातला. त्याला हिरवा आणि फिकट हिरवा एकच दिसतो, नारिंगी-पिवळ्यातही गोंधळ होतो. चाळीशी उलटली तरी त्याला हे ठाऊक नव्हतं, त्या दिवशी कळलं. हा दोष बायकांपेक्षा पुरुषांत बराच जास्त आढळतो. आजार नव्हे, पण नुसत्या रंगावर चालणारा नकाशा अशा माणसाला फसवतो.

तिघांच्या अडचणी वेगळ्या, पण तोड बरीचशी एकच आहे. नकाशाखाली साध्या मराठीत एक वाक्य हवं. समजा असं: 'भोसरी, सकाळी ८ वाजता, निर्देशांक १६८, मध्यम, कारण बारीक धूलिकण, दम्याच्या रुग्णांनी बाहेरचं कष्टाचं काम कमी करावं.' फोन ते वाचेल. काकांना चिमूट लागणार नाही. रंग न ओळखणाऱ्याला आकडा कळेल. शिवाय कमी शिकलेली आजीही ते ऐकू शकेल, तिला तर कुणी दिव्यांग म्हणतही नाही. नकाशा काढून टाका असं कुणाचं म्हणणं नाही. गाव निवडायला मोठी यादी द्यावी, आलेखाचे आकडे खाली तक्त्यात द्यावेत, ठिपक्यांना नावं द्यावीत, पान मराठीत आहे ही खूण आतल्या मजकुरात ठेवावी. ती खूण नसली तर इंग्रजी आवाज मराठी अक्षरं गाळत किंवा मोडत जातो. हे सारं पान बनवणाऱ्याला जमण्यासारखं आहे, त्याला नवं यंत्र लागत नाही.

अहवालांचंही तेच. महानगरपालिकेच्या कायद्यानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपर्यंत शहराच्या पर्यावरणाचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. कोणताही अहवाल छापून, त्याचे फोटो काढून फाइल चढवली, तर वाचून दाखवणाऱ्या फोनला तो कोरा कागद आहे. तोच मजकूर टाइप केलेल्या रूपात ठेवला की बोलू लागतो.

ही कुणाकडे मेहेरबानी मागणं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४२ सांगतं की माहिती सुलभ रूपात मिळावी हे सरकारने पाहायचं. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. अडचण ही होती की नियमांत मानकं सांगितली होती, पण ती सक्तीची आहेत की नुसता सल्ला, हे धूसर होतं. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमकं त्यावर बोट ठेवलं आणि किमान मानकं सक्तीची करा असं केंद्राला सांगितलं. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. कायदा मोडला तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, पुढे ५० हजार ते ५ लाख.

आता घरी काय करता येईल ते. घरात कुणाला दिसत नसेल किंवा मोतीबिंदू-मधुमेहाने नजर अधू झाली असेल, तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडा, त्यात टॉकबॅक आहे. पैसे पडत नाहीत. आवाज मराठीत ठेवता येतो. चालू केलं की फोन 'बिघडला' असं वाटतं, घाबरू नका. एकदा टेकवलं की तो वाचतो, पटकन दोनदा टेकवलं की उघडतो, वरखाली सरकवायला दोन बोटं लागतात. बंद करतानाही दोनदाच टेकवायचं. पहिल्या दिवशी कुणी तरी शेजारी बसा.

शेजारच्या पोरांनाही एवढं शिकवा: रंग सांगू नका, जागा, वेळ आणि आकडा सांगा. आमच्या विहाराच्या फळ्यावर हिवाळ्यात रोज सकाळी तेवढंच लिहितो आणि एक जण मोठ्याने वाचतो. आकडा १०० च्या वर गेला तर दमेकऱ्याने झटक्याच्या वेळचा पंप खिशात ठेवावा. रोजचा प्रतिबंधक पंप हवा चांगली असली तरी बंद करायचा नाही, तो डॉक्टरांना विचारूनच. तोंडाला रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत, नीट बसणारा एन-९५ मास्क अडवतो.

आणि एक अर्ज. माहिती अधिकारात आपल्या महानगरपालिकेला किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा: तुमचं संकेतस्थळ दिव्यांगांना वापरता येतं का याची तपासणी शेवटची कधी झाली, कुणी केली, अहवालाची प्रत द्या. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, माहिती अधिकाऱ्याने तो लिहून घ्यायला मदत करायची असते, असं कलम ६ म्हणतं. अंध किंवा बहिऱ्या व्यक्तीला माहिती मिळवायला मदत करणंही कलम ७ प्रमाणे त्यांचंच काम आहे. वापरता येत नाही ही तक्रार मात्र वेगळी, ती दिव्यांग आयुक्तांकडे करायची. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे.

आमचा अर्ज त्या तरुणानेच बोलून सांगितला, आम्ही फक्त लिहिला. खाली अंगठा नको म्हणाला, सही करीन म्हणाला, आणि केली. तुम्ही अर्ज द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मागून घ्या. उत्तराचे ३० दिवस तिथूनच मोजायचे आहेत.